पट्टीवर १४ आले, तरी डोळे का जळतात?

या वेळचं पत्र ग्वाल्हेरच्या जनकगंजातून आलंय. कापून देते, कारण अर्धं पत्र घरच्यांच्या तक्रारींचं आहे आणि ते आपल्यातच राहू दे.

"ताई, नमस्कार. वय ५१. घरीच बसून दाल बाजारातल्या चार-पाच दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न करते, म्हणजे सकाळी १० ते संध्याकाळी ६ कॉम्प्युटर. दोन वर्षं झाली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दुपारी चारनंतर जळजळ, आणि स्कूटीवर निघाले की पाणी असं वाहतं की सिग्नलवर लोक बघतात, बाई रडतेय म्हणून. डॉक्टरांनी कागदाच्या पट्टीची टेस्ट केली, उजवा १४, डावा ११, म्हणाले पाणी ठीक आहे. तरी फाइलवर ड्राय आय लिहिलंय, खाली टीबीयूटी ४ आणि ३, आणि एमजीडी असं काहीतरी. ड्रॉप दिले, १५ दिवस टाकले, बरं वाटलं, बंद केले, परत तेच. मग मेडिकलवाल्या भैयाने दुसरा ड्रॉप दिला, त्याने दोन दिवसांत लाली गेली, तो मी अधूनमधून टाकते. सासूबाई म्हणतात गुलाबजल टाक, त्यांच्याही एका डोळ्यातून पाणी येतं, त्या तेच टाकतात. नवरा म्हणतो टेस्ट नॉर्मल आहे, तुला वहम झालाय. ज्या डोळ्यातून एवढं पाणी येतं तो कोरडा कसा? आणि टेस्ट नॉर्मल तर आजार कसला?"

वहिनी, तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी ती मेडिकलवाली बाटली. उठा, जिथे ठेवलीय तिथून काढा आणि चष्मा लावून लेबल वाचा. बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन यातलं काही दिसतंय का? मला तरी तोच संशय आहे, कारण दोन दिवसांत लाली घालवतो म्हणून काउंटरवरून सर्रास हातात ठेवला जाणारा ड्रॉप म्हणजे स्टेरॉइड आणि जोडीला एखादं अँटिबायोटिक. स्टेरॉइड म्हणजे विष नाही हो, डॉक्टर स्वतः कोरड्या डोळ्यांत कधीकधी दोन-चार आठवडे देतात, पण ते मोजून देतात आणि डोळ्याचं प्रेशर बघत देतात. आपल्या मनाने वर्षभर टाकत बसलं तर काही जणांचं प्रेशर चढतं, आणि ते चढताना दुखत नाही, खुपत नाही, कळतच नाही, काचबिंदू होऊन बाजूची नजर गेल्यावर कळतं आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर धरतो. 'अधूनमधून' हा शब्द मी २२ वर्षं ओपीडीत ऐकतेय (मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लोकांच्या डोळ्यांत पट्ट्या अडकवणारी ती मीच) आणि खोदून विचारलं की 'अधूनमधून'चा अर्थ 'रोज रात्री' असाच निघतो. म्हणून ती बाटली पर्समध्ये टाका, या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, किती महिने आणि दिवसातून किती वेळा ते खरं सांगा, प्रेशर मोजून घ्या. रोज टाकत असाल तर एकदम बंद करायचा की हळूहळू कमी करायचा हे त्यांनाच ठरवू दे. आणि लेबलवर नॅफाझोलिन असेल तर ती वेगळी गंमत आहे, ते रक्तवाहिन्या आवळून लाली लपवतं आणि असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल होतो, मग माणूस पुन्हा टाकतो, असं चक्र.

झालं. आता पाण्याचं.

डोळ्यांवर अश्रूंचा जो पातळ थर असतो तो नुसतं पाणी नसतो. खाली बुबुळाला चिकटून बुळबुळीत म्युकस, मध्ये पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा. कटाची आमटी आठवा, वर तेलाचा तवंग असला की खाली आमटी कितीतरी वेळ कढत राहते, वाफ बाहेर पडत नाही. डोळ्यावरचा तवंग तेच काम करतो, खालचं पाणी उडू देत नाही. हे तेल येतं कुठून, तर पापण्यांमधून. वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० अशा बारीक उभ्या ग्रंथी असतात, त्यांची तोंडं पापणीच्या केसांच्या मागे ओळीने उघडतात, आरशात नीट बघितलं तर ठिपक्यांची रांग दिसते. हाइनरिश माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं नीट वर्णन केलं म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी, आणि तुमच्या फाइलवरचं एमजीडी म्हणजे याच ग्रंथींचं काम बिघडलंय. तेल कमी, म्हणून पाणी उडतं, बुबुळ उघडं पडतं, बुबुळाच्या नसा बोंब मारतात, आणि ती बोंब ऐकून अश्रूंची मोठी ग्रंथी एकदम बादली ओतते. स्कूटीवर वारा लागला की जे वाहतं ते हे बादलीतलं पाणी. त्यात तेल नाही, चिकटपणा नाही, ते गालावर जातं, डोळ्याला काही उपयोग नाही. म्हणजे तुमच्या डोळ्यांत पाणी कमी नाहीच, तेल कमी आहे, आणि हे तुमच्या फाइलवर लिहिलेलं आहे, फक्त तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही.

मग ती पट्टी काय मोजते? फक्त पाणी. शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरची टेस्ट आहे, १९०३ सालची, आणि आजही जवळजवळ तशीच करतात. ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब फिल्टर पेपर, एक टोक दुमडून खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवायचं, ५ मिनिटं थांबायचं आणि किती मिलिमीटर भिजलं ते वाचायचं. सुन्न करायचा थेंब न टाकता केली तर १० च्या वर साधारण ठीक, ५ किंवा खाली म्हणजे पाणी खरंच कमी. तुमचं १४ आणि ११, म्हणजे डॉक्टर बरोबरच बोलले, पाणी ठीक आहे. चूक फक्त ऐकणाऱ्याची झाली, 'पाणी ठीक' याचा घरी पोचेपर्यंत 'डोळे ठीक' झाला.

शिवाय ही पट्टी लहरी आहे. एके ठिकाणी काम करत होते तेव्हा टेस्टची खुर्ची मी एसीच्या बरोब्बर समोर ठेवली होती, जागा तेवढीच होती आणि मला तेव्हा अक्कलही तेवढीच. एक बाई सकाळी एसी बंद असताना ६ आल्या, काही कारणाने दुपारी परत बसवलं तर १८. त्या खूश, मी पण खूश, औषध लागू पडलं म्हणून. औषध कुठलं, एसीचा झोत डोळ्यांवर येत होता आणि डोळे बादली ओतत होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची हलवली. तेव्हापासून एकाच पट्टीवर कुणी हसलं किंवा रडलं की मला ती खुर्ची आठवते.

तुमच्या फाइलवर बघायचा आकडा आहे टीबीयूटी. नाव लांबलचक आहे, काम सोपं. केशरी रंगाची एक पट्टी ओली करून पापणीला टेकवतात, दोन-तीनदा डोळे मिचकावायला सांगतात, मग मशीनवर हनुवटी ठेवून निळ्या उजेडात समोर बघायचं आणि मिचकवायचं नाही. आम्हाला दिसतं ते मला अजूनही आवडतं, पूर्ण बुबुळावर हिरवट चमकता पापुद्रा पसरलेला असतो, एकदम सपाट, आणि मी मनात मोजत असते, एक, दोन, तीन, आणि कुठेतरी एक काळा ठिपका उमटतो, मग तो पसरतो, शेणाने सारवलेली जमीन उन्हात तडकावी तसा. तो पहिला ठिपका उमटेपर्यंतचे सेकंद म्हणजे तुमचा टीबीयूटी. तीनदा करून सरासरी काढायची. १० सेकंदांपेक्षा कमी म्हणजे गडबड, ५ च्या खाली म्हणजे नक्कीच गडबड. तुमचे ४ आणि ३ आहेत वहिनी. म्हणजे तुम्ही एक ओळ वाचून होईपर्यंत तुमच्या डोळ्यावरचा पापुद्रा फाटलेला असतो. नवऱ्याला हे एक वाक्य वाचून दाखवा, वहमचा विषय संपेल.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ड्राय आयचा जो मोठा अहवाल काढला, टीएफओएस ड्यूज २ म्हणतात त्याला, त्यात निदान कशावर करायचं तर आधी त्रासाचे प्रश्न, आणि त्याबरोबर पापुद्रा फुटायची वेळ, अश्रूंचा खारटपणा किंवा बुबुळावरचे रंगाचे डाग यातलं एक तरी बिघडलेलं हवं. शिर्मर त्या यादीत नाहीये. ती नंतर येते, पाण्याची कमी आहे की तेलाची हे वेगळं करायला. खारटपणा मोजायचं मशीन असतं, ३०८ किंवा वर आलं तर गडबड धरतात, पण ते सगळीकडे नसतं आणि तुमच्या बाबतीत त्यासाठी दिल्ली गाठायची काहीच गरज नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा की पापणी दाबून तेल कसं येतंय ते बघितलं का, पातळ येतंय, घट्ट येतंय की येतच नाही. आणि हो, पट्टीची टेस्ट सगळ्यात शेवटी करायला सांगा, ती डोळ्याला इतकी खुपते की नंतर बाकीचे आकडे बिघडतात.

एक मोजमाप तुम्ही घरी करू शकता आणि हिशेबवाल्या आहात म्हणून तुम्हाला आवडेल. ओएसडीआय नावाचे १२ प्रश्न आहेत, गेल्या आठवड्यात उजेड सहन होत नाही का, वाळू गेल्यासारखं वाटतं का, दुखतं का, अंधुक दिसतं का, वाचताना, कॉम्प्युटरवर, टीव्ही बघताना, रात्री गाडी चालवताना अडचण येते का, वाऱ्यात, कोरड्या हवेत, एसीत त्रास होतो का असले. प्रत्येकाला ० ते ४ मार्क, कधीच नाही ते सतत. डॉक्टरांकडे छापील मिळतो. बेरीज करायची, २५ ने गुणायचं, जितक्या प्रश्नांची उत्तरं दिली तितक्याने भागायचं. समजा तुम्ही रात्री गाडी चालवत नाही, तो प्रश्न सोडला, ११ उरले, बेरीज १८ आली, तर १८ गुणिले २५ म्हणजे ४५०, भागिले ११, साधारण ४१. १२ पर्यंत नॉर्मल, २२ पर्यंत थोडं, ३२ पर्यंत मध्यम, ३३ पासून वर जास्त त्रास. हा आकडा महिन्यातून एकदा कॅलेंडरवर लिहा, पण तारीख नीट निवडा. ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, हे दोन रिटर्न भरायचे असतात, म्हणजे त्या दोन तारखांच्या आधीचे तीन-चार दिवस तुमचे डोळे सगळ्यात वाईट असणार, बरोबर ना? तेव्हा मोजलं तर औषध फेल वाटेल. २८ ला मोजा, दर महिन्याच्या २८ लाच.

या आजारात त्रास आणि आकडे पुष्कळदा हातात हात घालून चालत नाहीत हेही लक्षात ठेवा. मी असे आजोबा बघितलेत ज्यांच्या बुबुळावर हिरव्या ठिपक्यांची रांगोळी असते आणि ते म्हणतात मला काही नाही, मुलगा घेऊन आला म्हणून आलो, कारण नसाच बधिर झालेल्या असतात. आणि उलटंही असतं, पापुद्रा बराचसा ठीक आणि माणूस जळजळीने हैराण.

आता उपचार, आणि इथे मला ग्वाल्हेरचा हिवाळा मदतीला घ्यायचाय. जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली काय होते तुमच्याकडे? पांढरी घट्ट. आपण काय करतो, बाटली दाबत बसतो का? गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतो, दहा मिनिटांत तेल सुटतं, मग ओततो. पापण्यांतलं तेल तुमचं असंच घट्ट झालंय, टूथपेस्टसारखं, आणि आतापर्यंतचे सगळे ड्रॉप म्हणजे बाटली न तापवता वरून पाणी ओतणं होतं. म्हणून शेक हा तुमच्या उपचाराचा गाभा आहे, ड्रॉप जोडीला.

शेक असा. ओला गरम रुमाल दोन मिनिटांत गार होतो, तो फसवतो, वाटतं आपण शेकलं पण पापणीच्या आतपर्यंत काही पोचत नाही. दोन रुमाल आणि एक गरम पाण्याचं भांडं घ्या आणि बदलत राहा, नाहीतर डोळ्यांच्या शेकासाठी पट्टे मिळतात ते आणा. तव्यावर रुमाल तापवणं मला आवडत नाही, अंदाज चुकतो, पापणीची कातडी फार पातळ. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवेल इतकंच गरम, साधारण ४० डिग्रीच्या थोडं वर पुरतं. डोळे मिटून ८-१० मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. आणि लगेच, तेल गरम आहे तोवर, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, म्हणजे केसांच्या रेषेकडे, हलक्या हाताने फिरवा, डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको. मग पापणीच्या केसांच्या मुळाशी जी खपली धरते ती पुसायची, त्यासाठी लिड वाइप्स मिळतात. केसांच्या मुळाशी कॉलरसारखा पांढरा कोंडा असेल तर डॉक्टरांना डेमोडेक्स बघायला सांगा, बारीक किडा असतो, ऐकून अंगावर काटा येईल पण खूप जणांच्या पापण्यांत असतो आणि त्याचा वेगळा इलाज आहे. आणि काजळ पापणीच्या आतल्या कडेवर भरत असाल तर तूर्त बंद, त्या तेलाच्या तोंडांवरच तुम्ही लिंपण करताय.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच वाटणार नाही. इथेच सगळे सोडतात. तुम्ही ड्रॉप १५ दिवसांत सोडलेत, शेक तर लोक ८ दिवसांत सोडतात. महिन्या-दीड महिन्याने फरक कळायला लागतो, तीन महिने तरी रोज करायचं आणि नंतर दिवसातून एकदा तरी चालू ठेवायचं, दात घासतो तसं, एकदा घासून कुणी थांबतं का.

ड्रॉपचं. तुमच्या फाइलवर कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असं काही असेल, दोन्ही चांगले. जळायला लागल्यावर नाही टाकायचे, आधी टाकायचे, कामाला बसताना १०, मग १, ४, ७, घड्याळ लावून. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण बाटलीतलं औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड रोज रोज डोळ्यावर पडलं की तेच बुबुळाला खातं. छोट्या प्लास्टिक व्हायल्स येतात, उघडली की त्याच दिवशी फेकायची, कंजूसपणा करून उद्यासाठी ठेवायची नाही. साधी बाटली उघडली की तारीख लिहा, महिन्याने टाकून द्या. एक थेंब पुरतो, दुसरा गालावरच जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं. तुमच्या प्रकाराला तेलाचा अंश असलेले ड्रॉप जास्त शोभतात, विचारून बघा. रात्री झोपताना जेल, त्याने थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून अगदी दिवा बंद करायच्या आधी.

एवढ्याने नाही भागलं तर डॉक्टर पुढचं काढतील. पापण्यांच्या सुजेसाठी अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन, हे दुकानातून मागून घ्यायचं नाही. सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के ड्रॉप, अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळालेलं औषध, आतली सूज हळूहळू उतरवतं. हे पहिले काही आठवडे चांगलंच झोंबतं, आणि लोक म्हणतात याने तर वाढलं आणि बंद करतात, खरा असर यायला तीन ते सहा महिने जातात. डॉक्टरांनी लिहून दिलं तर हे आधीच माहीत असू दे. अश्रू वाहून जायच्या भोकात बारीक बूच बसवतात तेही ऐकाल, पण ते पाणी कमी असणाऱ्यांसाठी जास्त कामाचं, तुमच्यासारखी पापणी सुजलेली असताना आधीच बूच बसवणं म्हणजे मोरी बुजवून घाण पाणी अंगणात साठवणं. आयपीएल म्हणजे पापण्यांखाली प्रकाशाचे झटके देतात, काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार सीटिंग लागतात, त्याने बऱ्याच जणांना फायदा होतो पण खर्चिक आहे आणि सावळ्या कातडीवर डाग पडायचा धोका असतो, त्यामुळे शेक तीन महिने इमानदारीने केल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नका.

ओमेगा ३ च्या कॅप्सूलचं कुणीतरी सांगेलच. अमेरिकेत ५३५ लोकांवर वर्षभर झालेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, काहींना रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा ३ आणि काहींना नुसतं ऑलिव्ह ऑइल. दोन्हीकडे लोकांना बरं वाटलं, आणि सारखंच वाटलं. त्यामुळे अळशीची चटणी करा, छान लागते, भाकरीबरोबर तर फारच, पण डोळ्यांच्या खात्यात टाकू नका.

आता घरातलं वातावरण. लोक कूलरला शिव्या देतात पण मे महिन्याच्या लूमध्ये ग्वाल्हेरला कूलर एसीपेक्षा डोळ्यांना बराच बरा, तो ओलावा देतो, एसी ओलावा खेचून घेतो. भानगड झोताची आहे. रात्रभर तोंडावर झोत असेल आणि झोपेत पापणी अर्धवट उघडी राहत असेल (घरच्यांना बघायला सांगा, बऱ्याच जणांची राहते) तर सकाळचं चिकटणं वाढतं. जाळी पायाकडे वळवा. हिवाळ्यात ब्लोअर टेबलाखाली ठेवता ना, तोही तोंडाकडे नको.

स्कूटीवर तुम्ही चुन्नी बांधत असाल, तिकडे सगळ्याच बांधतात. ती नाकावरून घट्ट आणि डोळ्यांखाली सैल असली की तुमचाच श्वास वर डोळ्यांवर येतो आणि पाणी उडवतो, मास्कच्या दिवसांत हाच त्रास वाढला होता. वरची कड डोळ्यांखाली घट्ट बसवा आणि बाजूने झाकणारा गॉगल लावा, आंधीच्या दिवसांत तर हवाच.

आणि कॉम्प्युटर. गप्पा मारताना माणूस मिनिटाला १५-२० वेळा डोळे मिचकावतो, स्क्रीनवर ते निम्म्याच्याही खाली येतं, आणि जे मिचकावतो तेही अर्धवट, पापणी खालपर्यंत टेकतच नाही. तेल पसरतं आणि पिळून निघतं ते पूर्ण मिचकावण्यानेच. दर वीस मिनिटांनी लांब बघा वगैरे सगळे सांगतात, कुणाच्या लक्षात राहत नाही, माझ्याही नाही. तुम्ही असं करा, टॅलीत एक व्हाउचर सेव्ह केलं की दोनदा डोळे पूर्ण मिटून उघडायचे. दिवसाला शंभर व्हाउचर तर होत असतील? मग झालं की. आणि मॉनिटर खाली घ्या, वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या खाली हवी, नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो, कमी सुकतो.

तुमचं वय ५१, म्हणजे पाळी जायच्या आसपासचं, हार्मोन बदलले की या ग्रंथींवरही परिणाम होतो, म्हणून या वयाच्या बायका आमच्याकडे जास्त येतात. थायरॉइड आणि शुगर तपासली नसेल तर तपासा. सर्दी-ॲलर्जीची गोळी, झोपेसाठी किंवा नसांसाठी ॲमिट्रिप्टिलिन, बीपीची पाण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना यादी द्या, बंद मात्र स्वतः करू नका. आणि एक प्रश्न, तोंड कोरडं पडतं का, कोरडी पोळी गिळायला पाण्याचा घोट लागतो का, बोटांचे सांधे सकाळी आखडतात का? हो असेल तर स्योग्रेन नावाच्या आजाराची रक्ततपासणी मागा. १९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक स्योग्रेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सांधेदुखी यांचा मेळ लावला होता. तुमची पट्टी १४ आहे म्हणून मला तशी शंका कमी वाटते, पण विचारलेलं बरं.

डोळा खूप दुखला, नजर एकदम कमी झाली, उजेडाकडे बघवेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर यातलं काहीही करत बसू नका, त्याच दिवशी जयारोग्य रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

राहिल्या सासूबाई. गुलाबजल डोळ्यांत टाकायचं नाही, ते निर्जंतुक नसतं आणि बाटलीवर कितीही गुलाब छापले तरी आत सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह काय काय असतं ते कळत नाही. त्यांच्या बाबतीत मला तुमच्या पत्रातला 'एका डोळ्यातून' हा शब्द खटकला. तुमचं दोन्ही डोळ्यांतून येतं, त्यांचं एकातून, म्हणजे तुमच्यासारखं असेलच असं नाही, अश्रू नाकात जायची नळी बंद असू शकते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या मुळाशी, स्वच्छ बोटाने हलकं दाबून बघा, तिथून चिकट पांढरं किंवा पू वर येतो का. येत असेल तर तुमच्या भेटीच्या दिवशी त्यांनाही घेऊन जा, सिरिंजने पाणी सोडून नळी उघडी आहे का ते पाच मिनिटांत बघतात. तोवर तुमचा ड्रॉप त्यांना देऊ नका, आणि तुमचा रुमालही वेगळा ठेवा.